उपनगर, वीज आणि रस्त्यावरची गाडी

विजेवर चालणारी गाडी घेतली तर तिला वीज कोठे भरावयाची, हा प्रश्न आजकाल मुंबईच्या उपनगरांत ज्याच्या त्याच्या तोंडी ऐकू येतो. जणू तो काल-परवाच जन्मला आहे, अशा थाटात त्याची चर्चा चालते. वस्तुतः हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा म्हातारा आहे. तो एकदा युरोप-अमेरिकेत उभा राहिला, तेथे त्याचे उत्तर चुकले, आणि त्या चुकीमुळे विजेची गाडी जवळजवळ शंभर वर्षे रस्त्यावरून नाहीशी झाली. तोच प्रश्न आज आपल्या दारात आला आहे. तो कोठून आणि कोणत्या वाटेने आला, हे श्रोत्यांपुढे मांडावे एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने वेतनाचे, बोनसचे बोलावे, गाड्या आणि विजेच्या खांबांशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमचे शिक्षण यंत्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले, विद्यापीठात नव्हे. पण तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर एक गोष्ट आम्हांस पक्की कळली आहे. कोणतेही नवे यंत्र आले की त्याच्या सोयी कोणाच्या पदरात पडतात आणि त्याची वाट पाहण्याचा वेळ कोणाच्या खात्यात जमा होतो, हे दोन हिशेब निरनिराळे असतात. पहिला हिशेब जाहिरातीत येतो. दुसरा मांडायला कोणीतरी लागतो.

शब्दाविषयी एक खुलासा आधीच करून टाकतो. परिभाषाकोशात यास 'प्रभारण' असा भारदस्त शब्द आहे. रिक्षावाला 'चार्जिंग' म्हणतो. आम्ही रिक्षावाल्याच्या बाजूचे आहोत.

आता मूळ कथेकडे वळू. शिशाच्या पत्र्यांची, पुन्हापुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या प्लांते याने १८५९ साली तयार केली, आणि १८८१ मध्ये फोर याने ती धंद्यात वापरण्याजोगी केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्रूव्हे नावाच्या कारागिराने विजेची तीनचाकी चालवून दाखविली. पुढे १८९७ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रस्त्यावर वॉल्टर बर्सी या तरुणाच्या विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. त्यांचा रंग पिवळा-काळा आणि आवाज गुणगुणण्यासारखा, म्हणून लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' हे पाखराचे नाव दिले. एका भरणीत या गाड्या पन्नासएक किलोमीटर जात. भरणी संपली की लॅम्बेथ येथील आगारात परतावयाचे, तेथे यंत्राने जुनी बॅटरी खाली उतरवून भरलेली चढवावयाची, आणि पुन्हा रस्त्यावर यावयाचे. आज उपनगरांतील कोपऱ्याकोपऱ्यावर बॅटरी बदलून देणारी जी कपाटे दिसू लागली आहेत आणि ज्यांच्यापुढे घरपोच जेवण नेणारी मुले स्कूटर लावून उभी असतात, त्यांचे हे खापरपणजोबा समजावे. बर्सीचा धंदा मात्र दोन वर्षांत बुडाला. दगडी रस्त्यांवरील हादऱ्यांनी बॅटऱ्या खिळखिळ्या झाल्या, टायर झिजले, आणि आगार एकच असल्याने गाडीला त्याच्याभोवतीच घुटमळत राहावे लागले.

न्यूयॉर्कमध्येही त्याच सुमारास हाच प्रयोग अधिक थाटाने झाला. ब्रॉडवेवरील एका जुन्या स्केटिंगगृहात आगार केले होते. गाडी आत आली की डोक्यावरच्या यारीने बॅटरी उचलून काही मिनिटांत दुसरी बसविली जाई. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या चार हजारांहून थोड्या अधिक मोटारींपैकी दीड हजारांहून अधिक गाड्या विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या हजारही नव्हत्या, हे आज सांगितले तर ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही. नाणे टाकले की ठराविक वीज देणारा रस्त्यावरचा खांबसुद्धा त्या वेळी अमेरिकन कारखानदारांनी योजला होता. रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जिंगची कल्पना इतकी जुनी आहे! मात्र तो खांब गल्लोगल्ली कधीच उभा राहिला नाही. न्यूयॉर्कच्या त्या कंपनीच्या भागभांडवलाची सट्टेबाजी झाली आणि १९०७ साली तिचे दिवाळे निघाले.

मग पेट्रोलची गाडी जिंकली ती कशाने? शाळेच्या पुस्तकात उत्तर असते की विजेची गाडी जड आणि आखूड पल्ल्याची होती. ते खोटे नाही. १९१२ साली पेट्रोलच्या गाडीला विजेने चालू होणारा स्टार्टर मिळाला आणि हँडल मारण्याची कटकट गेली, हेही एक कारण झाले. परंतु आमच्या मते खरी मेख दुसरीकडे आहे. पेट्रोल डब्यात भरता येत होते. ते किराणा दुकानदार विकत असे, औषधवाला विकत असे. खेडेगावातल्या दुकानाच्या फळीवर चार डबे ठेवले की त्या गावापर्यंत मोटार गेलीच म्हणून समजा. त्यासाठी कोणा कंपनीची, नगरपालिकेची परवानगी नको होती. वीज डब्यात भरून नेता येत नाही. तिला तार लागते, तारेला खांब लागतो, खांबाला जमीन लागते, आणि जमीन म्हटली की मालक आला.

यात उपनगराचे दुखणे आणखी वेगळे होते, आणि येथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे. बॅटरी भरण्यास एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. जुन्या शहरांच्या मध्यवस्तीत ती तशी मिळत असे, कारण पहिली वीजगृहे तसलीच होती. पण तशी वीज त्या काळी फार दूर नेता येत नव्हती, वाटेतच गळून जाई. म्हणून शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांना दिशा बदलणारी, उलटसुलट वाहणारी वीज दिली गेली. तीवर दिवे उत्तम लागत, बॅटरी भरत नसे. उपनगरातल्या माणसाला मध्ये आणखी एक उपकरण बसवावे लागे, पाऱ्याची वाफ भरलेल्या काचेच्या मोठ्या फुग्याचे. ते महागडे होते. ज्याच्याकडे स्वतःचे गाडीघर आणि खिशात पैसा, त्यालाच ते परवडे. म्हणजे ज्या माणसाला शहरापासून दूर राहत असल्यामुळे गाडीची खरी गरज, त्याच्याच दारात वीज असूनही उपयोगाची नव्हती. विजेची मोटार श्रीमंतांच्या घरची शोभा होऊन बसली, ती अशी.

याला एक अपवाद सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीने १९१२ च्या सुमारास अशी व्यवस्था केली की व्यापाऱ्याने मालवाहू गाडी घ्यावी, बॅटरी मात्र घेऊ नये. बॅटरी कंपनीची. ती बदलून मिळेल, आणि जितके मैल गाडी धावेल तितके पैसे द्यावयाचे. ही व्यवस्था बारा वर्षे चालली आणि तिच्यातील गाड्यांनी साठ लाख मैलांहून अधिक वाटचाल केली. इंग्लंडमध्ये दूध वाटणाऱ्या गवळ्यांच्या विजेच्या गाड्या तर दुसऱ्या महायुद्धानंतरही हजारोंनी पहाटेच्या वेळी गल्लोगल्ली फिरत होत्या. ठराविक वाट, ठराविक वेळ, रात्री आगारात चार्जिंग. यावरून दिसते की यंत्रात खोट नव्हती. रात्री गाडी उभी करण्याची जागा आणि त्या जागेवरची वीज यांची ज्यांनी तजवीज केली, त्यांचे काम अडले नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. ज्या वसंत व्याख्यानमालांच्या परंपरेत आपण आज बसलो आहोत, ती पुण्यास १८७५ साली सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, ९ मे १८७४ रोजी, मुंबईत घोड्यांची ट्राम धावली. आरंभी कंपनीपाशी सुमारे नऊशे घोडे होते. एवढे कशाला? तर एक जोडी दिवसभर राबू शकत नसे, तिला चारा लागे, विसावा लागे. घोड्यांचे चार्जिंगच म्हणा ना! आणि त्या विसाव्याचा खर्च कंपनीने आपल्या हिशेबात धरला होता, घोड्याच्या नव्हे. ही गोष्ट पुढे लागणार आहे, श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली. पण मुंबईच्या कामगाराची आणि विजेची ओळख त्याआधीच झाली होती, आणि ती काही गोड नव्हती. तोवर गिरण्या सूर्याबरोबर चालत. विजेचे दिवे आले आणि गिरणीमालकांना सूर्याची गरज उरली नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९०५ साली गिरणगावात यावरून मोठा असंतोष उसळला, चौकशीसमित्या नेमल्या गेल्या, आणि अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर बांधला गेला. बारा तास, आणि तेही मोठे यश म्हणून! दिवा तोच, घरी लावला तर मुलगा अभ्यास करतो, गिरणीत लावला तर बाप घरी येत नाही.

ही वीज आली कोठून? खोपोलीचे जलविद्युत्केंद्र १९१५ साली सुरू झाले, मग भिवपुरी, मग १९२७ साली भिरा. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली जावयाचे होते, आणि आपली शेती वाचविण्यासाठी मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झाले, शेते बुडाली. मुंबईत बटण दाबले की दिवा लागतो, त्या तारेचे दुसरे टोक कोणाच्या तरी बुडालेल्या शेतात आहे, याचा विसर शहरी माणसाला फार लवकर पडतो.

ट्राम मात्र उपनगरात गेली नाही. दादर-किंग्ज सर्कलच्या आसपास तिचे रूळ संपले. दादर टी.टी. या नावातील टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, नाव उरले आहे. त्यापलीकडच्या माणसाला विजेची गाडी मिळाली ती आगगाडीच्या रूपाने. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची लोकल सुरू झाली, आणि १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत तारा पोहोचल्या. पुढे ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचे वीजगृह बांधले. मुंबईचे उपनगर या गाडीने वसविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. स्टेशनपासून पायी वीस मिनिटांच्या आत चाळी, मग सहकारी सोसायट्या, मग म्हाडाच्या वसाहती, असे ते पसरत गेले. उपनगरांना वीज देणारी स्वतंत्र कंपनी १९२९ साली निघाली. म्हणजे शहरात वीज आणि वाहन एकाच कंपनीच्या हाती होते, पुढे १९४७ साली तो सारा कारभार महापालिकेकडे आला, आणि उपनगरात मात्र वीज एकाची, रेल्वे दुसऱ्याची, रस्ता तिसऱ्याचा, अशी घडी बसली. १९५० आणि १९५७ साली उपनगरे बृहन्मुंबईत सामील झाली, तरी विजेची हद्द पूर्वीचीच राहिली. आजही शीव-माहीमपर्यंत बेस्टची वीज, पलीकडे मुख्यतः खाजगी कंपन्यांची, आणि भांडुप-मुलुंडला महावितरणची. उपनगरातील कंपनीची मालकी या शतकात दोनदा बदलली, शेवटची २०१८ साली. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, परंतु आजचा घोटाळा यातच दडलेला आहे.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ती पाहण्यास रस्त्यात माणसांची रीघ लागली होती, हे जुन्या मंडळींकडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. तारेवर चालणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये आली आणि १९७१ मध्ये गेली. त्यानंतर मुंबईच्या रस्त्यावर विजेचे सार्वजनिक वाहन म्हणून काही उरले नाही. उपनगरात ती जागा ऑटोरिक्षाने घेतली. जेथे ट्रामचे रूळ संपत होते, साधारण तेथूनच आज रिक्षाची हद्द सुरू होते, हा योगायोग मोठा बोलका आहे.

रिक्षा पेट्रोलवरून गॅसवर आल्या त्या या शतकाच्या पहिल्या दशकात. हवा सुधारली, इंधन स्वस्त झाले, हे आम्ही मान्य करतो. पण त्या वेळच्या गॅसपंपावरील रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना विजेच्या रांगेचे भय का वाटते हे समजावून सांगावे लागत नाही. पंप थोडे, रिक्षा हजारो. पहाटे चारला रांग लावावी, सहाला नंबर यावा. ज्या रिक्षावाल्याने मालकाची गाडी पाळीवर घेतलेली असे, त्याला त्या दोन तासांचेही भाडे द्यावे लागे. घोड्याचा विसावा ट्राम कंपनीच्या हिशेबात होता, हे मघाशी सांगितले. माणसाचा मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हता.

विजेची छोटी मोटार आपल्या देशात बंगळूरला २००१ साली रस्त्यावर आली. पण गरिबाच्या वाहनाचा खरा धडा त्याआधी शेजारच्या नेपाळने घालून दिला होता. काठमांडूत डिझेलच्या तीनचाकी टेंपोंनी हवा इतकी विटली की १९९९ साली सरकारने ते खोऱ्यातून हद्दपार केले. त्यांच्या जागी 'सफा टेंपो', म्हणजे स्वच्छ टेंपो, आले. विजेचे, पुढे सहाशेच्या घरात गेलेले, आणि पुष्कळसे स्त्रियांनी चालविलेले. प्रत्येक टेंपोला बॅटरीचे दोन संच. एक गाडीत, एक केंद्रावर भरत ठेवलेला. दुपारी जेवणाच्या सुमारास संच बदलावयाचा की सायंकाळपर्यंत चिंता नाही. चालकाची जेवणाची सुटी आणि गाडीची भरणी एकाच वेळी व्हावी, एवढे शहाणपण त्या व्यवस्थेत होते.

आपल्याकडे केंद्र सरकारची उत्तेजनाची योजना २०१५ साली सुरू झाली, २०१९ मध्ये तिचा दहा हजार कोटींचा दुसरा टप्पा आला आणि त्यात एक हजार कोटी चार्जिंगसाठी ठेवले गेले. २०२४ च्या योजनेत यासाठी दोन हजार कोटी धरले आहेत. २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारने एक महत्त्वाचा खुलासा केला की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, तेव्हा त्यासाठी परवाना लागणार नाही. या एका वाक्याने पानवाल्यापासून मॉलवाल्यापर्यंत कोणालाही हा धंदा खुला झाला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात बृहन्मुंबई परिसरासाठी दीड हजार केंद्रांचे लक्ष्य होते.

त्या २०१८ सालच्याच डिसेंबरमध्ये नियम निघाला की शहरांत तीन किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात निदान एक सार्वजनिक केंद्र असावे. ऐकावयास ठीक वाटते. आता हिशेब करू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबई उपनगर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे एकवीस हजार माणसे राहतात. नऊ चौरस किलोमीटर म्हणजे एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास. एवढ्या वस्तीमागे एक केंद्र! पंढरपूर-बार्शीसारख्या गावांहून मोठ्या लोकसंख्येत एक. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुधारलेल्या नियमांनी २०३० पर्यंत हा चौकोन एक किलोमीटरचा करावयाचे ठरविले आहे, ही चांगली गोष्ट झाली. तरी नकाशावरचा चौकोन आणि रस्त्यावरची सोय यांत अंतर राहतेच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आणि आमचे दोन सहकारी एका उपनगरात रात्री नऊपासून पुढे केवळ हे पाहण्यासाठी हिंडलो. नकाशात दाखविलेले एक केंद्र मॉलच्या तळघरात होते. तेथे मोटारीस प्रवेश, रिक्षास नाही. मॉल बंद झाला की केंद्रही बंद. दुसरे एका कचेरीच्या आवारात, तेथे रखवालदाराने आम्हांस फाटकाशीच थांबविले. तिसऱ्या खांबाची काच काळी पडलेली, यंत्र मुके. चौथे चालू होते, पण त्याच्यापुढे पेट्रोलची मोटार निवांत उभी होती. पाचव्या ठिकाणी मात्र एक गृहस्थ गाडी लावून आत वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी सांगितले की आमच्या सोसायटीत चिटणीस परवानगी देत नाहीत, आगीची भीती घालतात, मीटरच्या खोलीपासून तार ओढण्याचा खर्च एकट्याने करा म्हणतात, म्हणून रोज रात्री येथे येऊन बसतो. कागदावर पाच केंद्रे, उपयोगाचे एक, आणि त्यालाही गिऱ्हाईक एकच बसणारे.

त्याच रात्री रिक्षास्थानकामागे पत्र्याच्या खोल्यांच्या वस्तीत आम्ही वेगळा देखावा पाहिला. खिडकीतून एक तार बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला विजेची रिक्षा बांधल्यासारखी उभी होती. खोलीमालक युनिटमागे स्वतःच्या मर्जीचा दर घेतो, हे चालकाने निर्विकारपणे सांगितले. ती तार पावसाळ्यात कशी टिकेल, हे आम्ही विचारले नाही. त्याने आपण होऊनच सांगितले, "पावसाळ्यात रिक्षा ताईच्या दारी ठेवतो, तिकडे पडवी आहे."

येथे थोडी आकडेमोड अपरिहार्य आहे. साध्या सोळा अँपिअरच्या पिनेतून तासाला सुमारे तीन युनिट वीज मिळते. स्कूटरची बॅटरी तीन-चार युनिटांची, रिक्षाची सात ते दहांची, लहान मोटारीची तीसच्या आसपास. म्हणजे स्कूटर आणि रिक्षा रात्रीच्या झोपेत साध्या पिनेवर भरून निघतात. तिला पन्नास-साठ किलोवॅटचे अगडबंब यंत्र नको. ते यंत्र मोटारीला, तेही वाटेत घाई असेल तर. असे असता सरकारी पैसा आणि वर्तमानपत्री छायाचित्रे अगडबंब यंत्रांभोवतीच का जमतात? कारण फीत कापण्यास ते बरे दिसते! भिंतीवरच्या पिनेचे उद्घाटन कोण करणार?

भाराचे भय खोटे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तीस बिऱ्हाडांच्या इमारतीत तीस मोटारी सायंकाळी सातला एकदम सात-सात किलोवॅट ओढू लागल्या तर दोनशे दहा किलोवॅट झाले. जुन्या इमारतीची तार तेवढ्यासाठी घातलेली नसते. परंतु गिरणीतल्या पाळ्यांप्रमाणे गाड्यांच्याही पाळ्या लावता येतात. रात्री अकरा ते पहाटे सहा हे सात तास रिकामेच असतात. २०१९ साली केंद्राने इमारतींच्या नमुना नियमांत पार्किंगच्या वीस टक्के जागेत चार्जिंगची सोय करावी, असे सुचविले. हे नव्या इमारतींना उद्देशून आहे. ज्या वसाहती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, दारात सायकल उभी राहील एवढाच विचार करून बांधल्या गेल्या, त्यांचे काय? आणि ज्यांच्या नशिबी इमारतच नाही, त्यांचे काय?

किमतीतही हाच भेद आहे. घरच्या मीटरवर वीज घेणाऱ्यास वस्तू व सेवा कर पडत नाही. बाहेरच्या केंद्रावर चार्जिंग ही सेवा ठरल्यामुळे अठरा टक्के कर आकारला जात आला आहे. मघाशी ज्या खुलाशाची आम्ही स्तुती केली, त्याचीच ही दुसरी बाजू. इंग्लंडातही हाच प्रकार आहे. घरात चार्जिंग केले तर पाच टक्के कर, रस्त्यावर केले तर वीस टक्के. ज्याला स्वतःचे अंगण आहे त्याला वीज स्वस्त, ज्याला नाही त्याला महाग. तिकडचे लोक याविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड करीत आले आहेत.

लंडनकरांनी एक गोष्ट मात्र शिकण्याजोगी केली आहे. तेथील जुन्या वस्त्यांतही एकाला एक लागून घरे असतात, गाड्या रस्त्यावरच असतात. रस्त्यावरच्या दिव्यांत नवे, कमी वीज खाणारे दिवे आले तेव्हा खांबापर्यंत आलेल्या तारेत बळ शिल्लक राहिले. तेच वापरून खांबालाच पिन बसविली. २०२० साली वेस्टमिन्स्टर भागातील एका अख्ख्या रस्त्याचे चोवीस खांब असे तयार झाले. सावकाश भरतात, पण रात्रभर उभ्या गाडीला सावकाशच पुरते. दिल्लीत २०२१ पासून घरी वा सोसायटीत साधे चार्जिंग बसविणाऱ्या पहिल्या तीस हजारांस प्रत्येकी सहा हजार रुपये साहाय्य जाहीर झाले.

आपल्याकडे खांबाला पिन लावावयाची म्हटली की जुना घोटाळा डोके वर काढतो. खांब वीज कंपनीचा, पदपथ महापालिकेचा, रिक्षास्थानक परिवहन खात्याच्या कागदावर, आणि वाहन उभे करावयाचे की नाही हे वाहतूक पोलिसांच्या हाती. चार कचेऱ्या, चार अर्ज. बेस्टने २०१७ पासून विजेच्या बसगाड्या आणल्या आणि त्यांच्यासाठी आगारांत चार्जिंगची सोय झाली. आगारांची ही जागा जनतेच्या पैशाची. मात्र त्यातल्या कितीतरी बसगाड्या भाडेतत्त्वावरच्या, चालक कंत्राटी, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांना तुटपुंज्या पगारासाठी संपावर जावे लागले. वाहन नवे झाले, वेतन जुन्याहून जुने. जेथे जागा आहे, तार आहे, रखवालदार आहे, अशा आगारांचा, मंडईंचा, महापालिकेच्या वाहनतळांचा रात्रीचा उपयोग शेजारच्या रिक्षा-स्कूटरवाल्यांना का देता येऊ नये, असा अर्ज आमच्या संघटनेने केला आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.

अर्ज लिहिण्यापूर्वी आम्ही रिक्षास्थानकावर सभा घेतली होती. तुम्हांला नेमके काय हवे, असे विचारले. जलद यंत्र हवे, पाच मिनिटांत गाडी भरणारे हवे, अशा मागण्या येतील अशी आमची अटकळ होती. वीस-बावीस वर्षे रिक्षा चालविणारा एक जण उठला आणि म्हणाला, "साहेब, रात्री गाडी उभी करायला जागा द्या, तिथं पंधराची एक पिन द्या, आणि सकाळी मीटरचा आकडा पावतीवर लिहून देणारा माणूस बसवा." मागून कोणीतरी पुस्ती जोडली, "आणि वर पत्रा." तेवढेच आम्ही अर्जात लिहिले.